फोर्डवाले, शेवीवाले, मोपारवाले : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी डेट्रॉइटच्या उत्तरेला, वुडवर्ड अव्हेन्यूलगतच्या एका स्पेअर पार्ट्सच्या दुकानाबद्दल लिहिलं होतं. सत्तरचं दशक संपता संपता मी त्या दुकानाच्या काउंटरवर उभी राहिले ती निवृत्त होईपर्यंत. जुन्या अमेरिकन गाड्यांचे शौकीन तिथे कसे जमायचे, एकमेकांच्या कंपन्यांवरून कसे डिवचायचे आणि त्याच ओघात एकमेकांच्या गाड्यांच्या आठवणी कशा काढायचे, असा तो लेख होता. त्यावर भरपूर पत्रं आली. त्यांतल्या काहींना इथे उत्तरं देते आहे.

ताई, फोर्डवाले आणि शेवरोलेवाले एकमेकांशी इतके हिरिरीने वाद घालतात हे वाचून नवल वाटलं. माझा मुलगा ओहायोत असतो. तोही सांगतो, की त्याच्या ऑफिसातले एक गृहस्थ शेवरोलेत बसायलासुद्धा तयार नसतात. एवढी ईर्ष्या कशापायी? शेवटी गाडीच ना?
— एक वाचक, नाशिक

दादा, ही ईर्ष्या घरातून येते. ज्या कंपनीच्या पगारावर घर चाललं त्या कंपनीची गाडी दारात असायची. डिअरबॉर्नला रूज नदीकाठी फोर्डचा अवाढव्य कारखाना, फ्लिंट म्हणजे ब्युइक आणि शेवरोलेचं गाव, हॅमट्रॅमकला डॉजचा कारखाना. कामगाराला आपल्या कंपनीची गाडी सवलतीत मिळायची आणि दुसऱ्या कंपनीची घेतली तर कारखान्याच्या आवारात ती लांबच्या कोपऱ्यात लावावी लागायची. बाप फोर्डमध्ये, आजा फोर्डमध्ये, म्हटल्यावर पोरगं पहिली गाडी कुठली घेणार? कोल्हापुरात फुटबॉलच्या वेळी पेठापेठांत जी चुरस असते ना, तीच ही जात. पेठ कोणी निवडून घेत नाही, पण तिच्यासाठी घसा मात्र सगळे कोरडा करतात.

त्या काळातली तीन घराणी लक्षात ठेवलीत की बाकीचं सोपं जातं. जनरल मोटर्सकडे शेवरोले, पाँटिअ‍ॅक, ओल्ड्समोबिल, ब्युइक आणि कॅडिलॅक. फोर्डकडे फोर्ड, मर्क्युरी, लिंकन. क्रायस्लरकडे प्लिमथ, डॉज, डिसोटो, क्रायस्लर, इम्पीरियल. शेवरोलेच्या चाहत्यांना शेवीवाले आणि या तिसऱ्या घराण्याच्या चाहत्यांना मोपारवाले म्हणतात. मोपार हे क्रायस्लरच्या सुट्या भागांच्या विभागाचं नाव, १९३७ पासूनचं.

डिवचायच्या ओळीही ठरलेल्या. फोर्डची आद्याक्षरं घेऊन ‘फिक्स ऑर रिपेअर डेली’ किंवा ‘फाउंड ऑन रोड डेड’ म्हणायचं. मग फोर्डवाला १९५७ साल काढायचा. त्या मॉडेल वर्षात फोर्डने शेवरोलेपेक्षा जास्त गाड्या बनवल्या, हे प्रत्येक फोर्डवाल्याला पाठ असतं. आज मात्र ‘फिफ्टी सेव्हन’ एवढंच म्हटलं तरी लोकांच्या डोळ्यांसमोर शेवरोलेची बेल एअरच उभी राहते. हे शल्य मी चांगल्या वयस्कर माणसांच्या तोंडून ऐकलेलं आहे, आणि ते खरंच दुखणारं आहे. त्यांच्या आठवणीतली गल्ली फोर्डांनी भरलेली होती, आणि कॅलेंडरवर, डब्यांवर, हॉटेलांच्या भिंतींवर मात्र चित्र येतं ते शेवरोलेचं.

हॅमट्रॅमकचा डॉजचा जुना कारखाना १९८० च्या सुरुवातीला बंद झाला आणि पाडला गेला. मग त्या परिसरात नवा कारखाना उभा राहिला, तो जनरल मोटर्सचा! आमच्या दुकानात येणाऱ्या एका म्हाताऱ्या डॉजवाल्याने पाडलेल्या इमारतीची एक वीट आपल्या गॅरेजमध्ये जपून ठेवली होती. तो दिसला की शेवीवाले त्या विषयावर एक शब्दही काढायचे नाहीत. चेष्टा कुठवर करायची याची समज त्या मंडळींना होती, म्हणूनच मला ती सगळी आवडायची.

नमस्कार. मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. या तीन कंपन्यांच्या व्ही-८ इंजिनांत खरा फरक काय होता? की फक्त बिल्ल्याचाच फरक?
— एक विद्यार्थी, पुणे

आठ सिलिंडर इंग्रजी व्हीच्या आकारात बसवलेल्या या इंजिनांत फरक भरपूर होता, आणि तो हाताला कळायचा. समज, एक गिऱ्हाईक इंजिन मिसफायर होतंय म्हणून आलं. प्लगच्या वायरी उलटसुलट लागल्यात का ते पाहायचं, तर आधी गाडी कुणाची ते विचारावं लागायचं. शेवरोलेच्या स्मॉल ब्लॉकचा, म्हणजे लहान बांध्याच्या व्ही-८ चा, फायरिंग क्रम (कुठल्या सिलिंडरमागून कुठला पेटतो तो) १-८-४-३-६-५-७-२. सिलिंडरांची गणती अशी, की ड्रायव्हरच्या (म्हणजे तिकडे डाव्या) बाजूला विषम आकडे आणि पलीकडे सम. मोपारचाही क्रम हाच. फोर्डच्या २८९ घनइंचांच्या इंजिनाचा मात्र १-५-४-२-६-३-७-८, आणि तिथे एक ते चार पलीकडच्या बाजूला, पाच ते आठ ड्रायव्हरच्या बाजूला. शेवीवर हात बसलेला माणूस पहिल्यांदा फोर्ड उघडतो तेव्हा वायरी हमखास चुकतात.

प्लगांना पाळीपाळीने वीज पोचवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचीही गंमत आहे. फोर्डच्या स्मॉल ब्लॉकला तो पुढे, रेडिएटरच्या बाजूला, उभ्या उभ्या हात पोचेल असा. शेवरोलेचा मागे, फायरवॉलला (इंजिन आणि बसायच्या जागेमधल्या पत्र्याला) चिकटून, त्यामुळे मडगार्डवर पोट टेकून ओणवं व्हावं लागतं. पण शेवरोलेवाल्यांकडे एक वस्तू होती जिचा इतरांनाही हेवा वाटायचा. त्यांच्या डिस्ट्रिब्युटरच्या कॅपला एक बोटभर पत्र्याची खिडकी असते. ती वर सरकवायची, आत ॲलन की घालायची आणि इंजिन चालू ठेवूनच पॉइंट्स (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) सेट करायचे. फोर्डवाल्याला त्याच कामासाठी इंजिन बंद करून कॅप काढायची, फट मोजायचा फीलर गेज लावायचा, पुन्हा कॅप बसवून बघायचं, आणि जमलं नसेल तर परत पहिल्यापासून. एक कट्टर फोर्डवाले गृहस्थ ती कॅप काउंटरवर उलटसुलट करून बघायचे आणि म्हणायचे, ‘ज्याने ही खिडकी काढली त्याला आमच्याकडे नोकरी द्यायला हवी होती.’

मोपारचं वेगळेपण दोन गोष्टींत. एक म्हणजे चाकाचे नट. साधारण १९७० पर्यंत क्रायस्लरच्या गाड्यांना डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असायचे. चाक पुढे फिरताना नट सैल होऊ नये हा त्यामागचा विचार. स्टडच्या, म्हणजे नट ज्यावर बसतो त्या बोल्टच्या, टोकावर ‘एल’ हे अक्षर ठोकलेलं असतं. ते न बघता टायरवाल्याने एअर गन लावली की स्टड तुटलाच. महिन्यातून कुणीतरी तुटलेला स्टड मुठीत धरून काउंटरवर यायचंच.

दुसरी गोष्ट स्टार्टरची. १९६२ पासून क्रायस्लरने गिअर रिडक्शनचा स्टार्टर आणला. छोटी, वेगाने फिरणारी मोटर आणि पुढे दात्यांनी वाढवलेली ताकद. त्याचा आवाज इतका निराळा, चिरका आणि लयदार असतो, की डोळे मिटून सांगता येतं, मोपार सुरू होतेय. चाहते त्याला ‘हायलँड पार्कचा हमिंगबर्ड’ म्हणतात, कारण क्रायस्लरचं मुख्यालय हायलँड पार्कला होतं. दुकानाच्या पार्किंगमध्ये तो आवाज झाला की रांगेत उभे असलेले शेवीवालेही बोलता बोलता थांबून ऐकायचे.

इंजिनातली मोठी मजल म्हणशील तर तीन वर्षं लिहून ठेव. १९३२ साली फोर्डने फ्लॅटहेड, म्हणजे सपाट डोक्याचं, व्ही-८ स्वस्त गाडीत बसवून सामान्य माणसाच्या हातात दिलं. १९५५ साली शेवरोलेचं २६५ घनइंचांचं स्मॉल ब्लॉक आलं. हलकं, चटकन फिरणारं, आणि त्याचे वंशज दशकानुदशकं बनत राहिले. आणि १९६४ साली क्रायस्लरचं ४२६ हेमी आलं, अर्धगोल ज्वलनकक्षाचं. त्याच वर्षी शर्यतपटू रिचर्ड पेटीने प्लिमथमधून डेटोना ५०० ही मोठी मोटारशर्यत जिंकली, आणि पहिले तिन्ही क्रमांक हेमीच्या प्लिमथांचे होते.

माझे आजोबा १९५० च्या दशकात मुंबईत टॅक्सी चालवायचे. ते ‘आपली प्लिमथ’ असं अभिमानाने सांगायचे आणि शेवरलेटला नाक मुरडायचे. त्यांची प्लिमथ अमेरिकेतून बोटीने आली असेल का?
— एक वाचक, कोल्हापूर

तुमच्या आजोबांची गाडी बहुधा कुर्ल्यातून बाहेर पडलेली असणार. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि क्रायस्लरशी करार केला. त्या करारावर कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, प्लिमथ आणि डिसोटो जोडल्या जाऊ लागल्या. या तिघी खरं तर एकाच गाडीची तीन रूपं होती. जाळी वेगळी, बिल्ला वेगळा, आतला सांगाडा बराचसा तोच. फार्गोचे ट्रकही त्याच घराण्याचे.

आजोबा शेवरलेटला नाक मुरडायचे त्यालाही आधार आहे. जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना १९२८ पासून शिवडीला होता, आणि फोर्डचीही मुंबईत जोडणी चालायची. म्हणजे एका काळी डेट्रॉइटची तिन्ही घराणी मुंबईत होती, आणि मुंबईचे ड्रायव्हरही त्यावरून वाद घालत असतील तर त्यात नवल नाही. देशात जास्तीत जास्त भाग बनवायचे, असं सरकारी धोरण पुढे आलं, तेव्हा पन्नासच्या दशकाच्या मध्यापर्यंत जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघांनीही गाशा गुंडाळला. क्रायस्लरच्या गाड्या प्रीमियरमुळे टिकल्या.

मी आमच्या दुकानात एकदा एका प्लिमथवाल्याला सांगितलं, की माझ्या लहानपणी मुंबईला गेलं की स्टेशनाबाहेर काळ्या-पिवळ्या प्लिमथ आणि डॉज टॅक्सी दिसायच्या. त्याला ते खरंच वाटेना. मग त्याने विचारलं, ‘स्टिअरिंग उजवीकडे? मग उलट्या आट्यांचे नट कुठल्या बाजूला?’ मी म्हटलं, डावीकडेच, कारण आट्यांचा संबंध चाकाशी आहे, ड्रायव्हरशी नाही. त्यावर तो इतका खूश झाला, की पुढच्या वेळी बायकोला घेऊन आला आणि मला सगळं पुन्हा सांगायला लावलं. तुमच्याकडे आजोबांच्या गाडीचा फोटो असेल तर समोरच्या जाळीचा भाग मोठा करून जरूर पाठवा. जाळीवरून साल बऱ्यापैकी सांगता येतं.

ताई, लेखात तुम्ही लिहिलंत, की शौकीन मंडळी स्वतःच्या गाडीपेक्षा शत्रुपक्षाच्या गाडीच्या आठवणी जास्त रंगून सांगतात. हे पटलं नाही. माझ्या वडिलांनी आयुष्यभर एकच गाडी सांभाळली आणि तिच्याशिवाय दुसऱ्या कशाचं कौतुक केलं नाही.
— एक वाचक, ठाणे

तुमच्या वडिलांच्या पिढीला आपल्याकडे गाडी मिळायचीच एक, तीही नंबर लावून. मी लिहिलं ते वुडवर्डवरच्या लोकांबद्दल. तिथलं चित्र कसं होतं ते नीट सांगते, मग बघा पटतं का.

साठच्या दशकात वुडवर्डवर रात्री एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत शर्यती लागायच्या. रस्ता सरळ, रुंद, मध्ये दुभाजक. उत्तरेच्या टोकाला स्क्वेअर लेक रोडजवळ टेड्स नावाचं ड्राइव्ह-इन हॉटेल होतं, तिथे सगळे जमायचे. हे मी पाहिलेलं नाही, मी आले तेव्हा तो काळ सरला होता. पण ज्यांनी त्या रात्री पाहिल्या ते सगळे पुढे माझ्या काउंटरवर यायचे. आणि त्यांच्या गोष्टी ऐकताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. स्वतःच्या गाडीबद्दल बोलताना माणूस हप्ते सांगतो, विमा सांगतो, थंडीत ती कशी सुरू व्हायची नाही ते सांगतो, बापाने किल्ली कशी काढून घेतली ते सांगतो. दुसऱ्याच्या गाडीबद्दल बोलताना तो तिचे टेल लाइट सांगतो.

आणि किती बारकाईने! एक फोर्डवाले गृहस्थ होते, रूजच्या कारखान्यात आयुष्य घालवलेले. ‘फिफ्टी सेव्हन’ शेवरोलेवर ते चिडलेले असायचे हे वर सांगितलंच. पण तिच्या डाव्या फिनच्या (मागच्या बाजूला पंखासारख्या उठलेल्या पत्र्याच्या) कडेला जी क्रोमची पट्टी असते तिच्यात पेट्रोलचं झाकण लपवलेलं आहे, हे त्यांनी मला हाताने हवेत आकार काढून दाखवलं. पट्टीचा तुकडा कसा बाहेर उघडतो, पंपावरचं नवखं पोरगं गाडीभोवती कसं फेऱ्या मारतं, आणि आदल्या वर्षीच्या १९५६ च्या गाडीत तेच झाकण टेल लाइटच्या मागे कसं होतं. हे त्यांना माहीत होतं कारण शेजारच्या मुलाकडे ती गाडी होती आणि यांच्याकडे नव्हती. वयाच्या सोळाव्या वर्षी जे आपल्याकडे नसतं ते माणूस डोळे फाडून बघतो.

शेवीवाले १९६८ च्या डॉज चार्जरबद्दल असंच बोलायचे. पुढचे दिवे झाकणामागे लपलेले, मध्ये चिमटल्यासारखी कंबर, आणि मागे चार गोल लाल दिवे. ‘ते चार गोल दिवे मी इतक्यांदा पाहिलेत, की माझ्या बायकोचा चेहरा त्यानंतर,’ असं एक कॅमेरोवाला, म्हणजे शेवरोलेच्याच कॅमेरो गाडीचा शौकीन, म्हणायचा. १९६९ ला डॉजने त्या जागी दोन लांब दिवे लावले, तर त्यावरूनही शेवीवाल्यांत दोन तट होते. दुसऱ्याच्या गाडीच्या दिव्यांवरून! १९६७ ची मर्क्युरी कूगर वळताना तिचे मागचे दिवे आतून बाहेर एकापाठोपाठ एक पेटतात. हे फोर्डच्या थंडरबर्डला १९६५ मध्येच आलं होतं. कुठल्याही पक्षाचा माणूस असो, हे वर्णन करताना टेबलावर तीन बोटं एकामागून एक टेकवायचा.

मोपारवाल्यांची फोर्डच्या मस्टँगबद्दलची (मस्टँग म्हणजे रानघोडा) आठवण थोडी कडवट. मस्टँग १७ एप्रिल १९६४ ला न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात लोकांसमोर आली, किंमत २,३६८ डॉलरपासून, आणि देश वेडा झाला. दोन वर्षांत दहा लाख गाड्या. पण प्लिमथची बाराकुडा त्याच्या सुमारे दोन आठवडे आधी, १ एप्रिलला, बाजारात आली होती. मागे भलीमोठी कमानदार काच, आत मागची सीट आडवी पाडली की लांबलचक जागा. ‘पहिले आम्ही’ हे प्रत्येक मोपारवाला सांगणारच. मात्र त्यानंतर हळू आवाजात, ‘पण त्या घोड्याचं नाक सुंदर होतं’ हेही म्हणणार. मस्टँग आतून फोर्डच्याच साध्या फाल्कन गाडीच्या हाडांवर बांधलेली आणि बाराकुडा प्लिमथच्या व्हॅलिअंटच्या. दोघींची माहेरं सारखीच गरीब, फरक सगळा रूपाचा.

पाँटिअ‍ॅक जीटीओची गोष्ट तर तिन्ही पक्षांत सारख्याच आदराने सांगतात. जनरल मोटर्सचा नियम होता, की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठं इंजिन घालायचं नाही. तिथले इंजिनिअर जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ साली ३८९ घनइंचांचं इंजिन टेम्पेस्ट लमाँ या गाडीत बसवलं ते नवीन मॉडेल म्हणून नव्हे, तर जीटीओ नावाचं ऑप्शन म्हणून. ऑप्शनला वरून मंजुरी लागत नव्हती. लोकांनी घेतली आणि मग वरच्यांना काही बोलता येईना. मोठ्या कंपनीत नोकरी केलेल्या प्रत्येकाला ही गोष्ट सांगताना सुख होतं, मग तो फोर्डचा असो की क्रायस्लरचा.

आणि रिचर्ड पेटी. १९६७ साली प्लिमथमधून एका हंगामात सत्तावीस शर्यती जिंकलेला माणूस, त्यांतल्या दहा लागोपाठ. तो १९६९ ला फोर्डकडे गेला, कारण प्लिमथकडे फोर्डच्या तोडीची, वारा कापणारी गाडी नव्हती. मोपारवाल्या घरांत सुतकच. क्रायस्लरने मग १९७० साठी सुपरबर्ड बनवली, टोकदार नाक आणि डिकीच्याही वर ताठ उभा पंख असलेली, आणि पेटी परत आला. ही गोष्ट मी सर्वांत छान एका फोर्डवाल्याकडून ऐकली. तो म्हणायचा, ‘एक वर्ष तो आमचा होता.’ त्याने त्या एका वर्षाची कात्रणं जपली होती, आणि सुपरबर्डचंही एक चित्र त्याच वहीत चिकटवलेलं होतं. ज्या गाडीने त्याचा माणूस परत नेला तिचं.

माझं मत मी यावरून बनवलेलं आहे. आपली गाडी आपण आतून बघतो. प्रतिस्पर्ध्याची बाहेरून, अख्खी, तीही पुढे जाताना. तिच्यावर जितका वेळ नजर खिळते तितका आपल्या गाडीवर खिळत नाही.

त्या गाड्या सुरक्षित होत्या का? आजच्या गाडीशी तुलना केली तर?
— एक वाचक, औरंगाबाद

नव्हत्या. पुढच्या सीटला खांद्यावरून जाणारा पट्टा १ जानेवारी १९६८ पासून अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या नियमाने बंधनकारक झाला. त्याआधी कमरेचा पट्टा असला तर असला. स्टिअरिंगचा दांडा छातीत घुसायचा. ब्रेक बहुतेकांना ड्रमचे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे १९६६ पर्यंतच्या बहुतेक गाड्यांना मास्टर सिलिंडर (ब्रेकचं तेल चाकांकडे दाबणारा भाग) एकाच कप्प्याचा. एका चाकाची नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. जुनी गाडी रस्त्यावर चालवायला काढणाऱ्या प्रत्येकाला मी रंगाआधी दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर घ्यायला लावायचे. नाही म्हणणाऱ्याशी वाद घालायचे. इथे गाडीचा मूळपणा वगैरे बोलायचं नाही.

आम्ही न्यू जर्सीहून ऑगस्टमध्ये मिशिगनला येतोय. दोन-तीन दिवसांत काय बघावं?
— एक कुटुंब, एडिसन

वुडवर्ड ड्रीम क्रूझ ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी असतो. १९९५ साली फर्नडेलमध्ये मुलांच्या सॉकरच्या मैदानासाठी पैसे उभे करायला सुरू झाला आणि आता चाळीस हजारांच्या आसपास जुन्या गाड्या येतात असं म्हणतात. पण शनिवारी गाडी हलत नाही. त्याच आठवड्यात बुधवार-गुरुवारी संध्याकाळी या, घडीच्या खुर्च्या आणा, बर्मिंगहॅम किंवा रॉयल ओकच्या बाजूला रस्त्याकडेला बसा. गाड्या वेगात असतात आणि माणसं बोलायला मोकळी असतात. फर्नडेलला नाइन माइल रोडवर मस्टँगांची वेगळी गल्ली लागते, तीही बघा.

डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड म्युझियममध्ये पहिल्या अनुक्रमांकाची मस्टँग आहे. ती गाडी प्रदर्शनासाठी न्यूफाउंडलंडला पाठवली होती आणि तिथल्या एका वैमानिकाने ती विकतच घेतली. फोर्डला ती परत मिळवायला दहा लाख एकावी मस्टँग त्याला द्यावी लागली.

माझी विनंती मात्र इप्सिलँटीला जाण्याची आहे. तिथे हडसन कंपनीच्या शेवटच्या डीलरचं दुकान म्युझियम म्हणून जपलं आहे. १९५१ च्या हडसन हॉर्नेटला सहाच सिलिंडर, ३०८ घनइंच, पण जमिनीलगत बसणारा सांगाडा. तिने स्टॉक कार शर्यतींत व्ही-८ वाल्यांना धूळ चारली, आणि हर्ब थॉमस १९५१ व १९५३ चा विजेता ठरला. १९५४ ला हडसन नॅशमध्ये विलीन होऊन अमेरिकन मोटर्स झाली, आणि तीही १९८७ ला क्रायस्लरकडे गेली. हडसन, पॅकार्ड, स्टुडबेकर यांच्या चाहत्यांना आता चुरस करायला समोर कोणी नाही. मोठ्या तिघांचे चाहते त्यांच्याशी फार मायेने वागतात.

मी ह्यूस्टनला असतो. साठच्या दशकातली एखादी गाडी घ्यायची आहे. मस्टँग, कॅमेरो की मोपार, ठरत नाही. फसवणूक टाळायला काय बघू?
— एक वाचक, टेक्सस

कुठली घ्यायची ते तुमचं मन सांगेल. फसवणुकीचं मी सांगते.

पहिल्यांदा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, वाचा. पहिल्या पिढीच्या मस्टँगमध्ये पाचवं अक्षर इंजिनाचं असतं. ‘के’ असेल तर २८९ चं हाय परफॉर्मन्स इंजिन कारखान्यातूनच आलेलं, ‘सी’ किंवा ‘ए’ असेल तर ते साधं २८९, मग बॉनेटखाली आज काहीही दिसो. १९६६ पासूनच्या मोपारमध्येही पाचवं अक्षर इंजिनाचं. १९७० च्या गाडीत ‘आर’ असेल तर हेमी. १९६७ ते १९७१ च्या कॅमेरोत मात्र व्हीआयएनवरून एवढंच कळतं, की गाडी सहा सिलिंडरची होती की व्ही-८. ‘१२३’ने सुरू झाला तर सहा, ‘१२४’ने सुरू झाला तर आठ. म्हणून कॅमेरोवरचे एसएस आणि झेड-२८ या वेगवान, महागड्या प्रकारांचे बिल्ले खोटे लावणं सर्वांत सोपं. कागद नसतील तर बिल्ल्याचे पैसे देऊ नका.

मग गंज. उत्तरेकडच्या गाड्यांना रस्त्यावरच्या मिठाने खाल्लेलं असतं, आणि तुमच्याकडे विकायला येणारी गाडी मिशिगनहून आलेली असू शकते. खिशात छोटं लोहचुंबक ठेवा. मागच्या चाकांच्या कमानी, दरवाजाखालची पट्टी, कॅमेरोत मागच्या काचेचे खालचे कोपरे. चुंबक चिकटत नसेल तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. मोपारमध्ये पुढच्या टॉर्शन बारची (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळयांची) मागची टोकं ज्या आडव्या बीममध्ये बसतात तो बीम खालून टोचून बघा.

मस्टँग १९६५ ते १९६८ ची असेल तर आणखी एक. काचेच्या पुढे, बॉनेटच्या मागे हवेसाठी जाळी असते. तिच्याखालचा पत्रा आतून कुजतो आणि बाहेरून काही दिसत नाही. दुरुस्तीला पुढचा बराच भाग उकलावा लागतो. विकणाऱ्याची परवानगी घ्या, पायाखालचा कार्पेट उचला, दोन्ही बाजूंना वर्तमानपत्र पसरा आणि त्या जाळीत तांब्याभर पाणी ओता. कागद भिजला तर किमतीतून दुरुस्तीचा पूर्ण खर्च वजा करून बोला, आणि विकणारा पाणी ओतू देत नसेल तर दुसरी गाडी बघा.